आवरून जाणारा चोर

व्हर्लिन सोर्विकच्या पोटात दुखायला लागलं ते समोरच्या वेंडेल प्रुइटच्या पेटीमुळे. पेटी म्हणजे खांबावर बसवलेलं एक लाकडी खोकं. त्याला काचेचं दार, वर उतरतं छप्पर आणि आत पुस्तकं. येणाऱ्याजाणाऱ्याने दार उघडावं, हवं ते पुस्तक न्यावं, जमलं तर दुसरं ठेवावं. नोंद नाही, दंड नाही, गप्प बसायची सक्ती नाही. नॉर्बी गावात अशा पेट्या गल्लोगल्ली होत्या आणि व्हर्लिनने त्यांच्याकडे कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. पण वेंडेलची पेटी त्याच्या नवऱ्याने, रॉइसने, स्वतःच्या हातांनी केलेली होती. बाहेरून पिवळीधमक आणि आत तरुण पोरापोरींच्या रहस्यकथा ठासून भरलेल्या. वेंडेल शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेला माणूस. कोणत्या पोराला कुठलं पुस्तक मानवेल हे त्याला पोराच्या चालण्यावरून कळायचं असं गावात म्हणत. व्हर्लिनच्या मते हे गाव कोणाबद्दल काहीही म्हणत असे.

हेही एक वेळ चाललं असतं. पण व्हर्लिनची सोळा वर्षांची मुलगी मारेन रोज शाळेतून येताना त्या पेटीपाशी थांबायची, आणि नेमका त्याच वेळी वेंडेल झाडांना पाणी घालायला बाहेर यायचा. पाऊस पडत असला तरी यायचा. मग दोघं बोलत उभी राहायची. व्हर्लिन हे स्वयंपाकघराच्या खिडकीतून, हातात रिकामा कप धरून पाहायचा. घरात 'शाळा कशी झाली?' या प्रश्नाला 'झाली' असं एका शब्दात उत्तर देणारी त्याची लेक तिथे दोन्ही हात हलवून हलवून बोलत असायची.

मारेनला ऑटिझम आहे हे ती लहान असतानाच कळलं होतं. व्हर्लिन विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासायचा, त्यामुळे त्याने या गोष्टीचाही कसून तपास केला होता. ट्यूबलाइटची घरघर तिला सहन होत नाही, ठरलेलं ऐनवेळी बदललं की तिचा दिवस बिघडतो, उगाच गप्पा मारायच्या म्हणून गप्पा मारणं तिला जमत नाही. हे सगळं त्याला पाठ होतं, मान्य होतं, आणि त्याप्रमाणे त्याने घरातले दिवेसुद्धा बदलले होते. त्याचा प्रश्न एवढाच होता की जे आपल्या स्वयंपाकघरात जमत नाही ते रस्ता ओलांडल्यावर कसं जमतं?

त्या वसंतात तर घावच बसला. कुंपणापलीकडच्या आर्डिथकाकू सहज म्हणाल्या, "मारेनची ती तोवा गोड आहे हो. जोडी शोभते अगदी."

"कसली जोडी?" व्हर्लिनने विचारलं.

"अगंबाई!" आर्डिथकाकूंनी तोंडावर हात ठेवला, पण बोटांमध्ये पुरेशी फट ठेवून. "तुला माहीत नाही होय? मला वाटलं, बापाला असेलच."

मुलीला मुलगी आवडते याचं व्हर्लिनला काहीही नव्हतं. त्याच्या सख्ख्या बहिणीने एका बाईशीच लग्न केलं होतं आणि त्या लग्नात नाचताना पाय मुरगळून घेणारा हाच. त्याचं दुःख क्रमांकाचं होतं. पहिली आई, बरं. दुसरा वेंडेल. तिसऱ्या आर्डिथकाकू, ज्यांना सांगणं म्हणजे चौकात भोंगा लावणं. आणि जन्मदाता बाप चौथा!

"तिने मला का नाही सांगितलं?" त्याने बायकोला, कोरिनला, विचारलं.

"तू विचारलं नाहीस."

"मग वेंडेलने काय विचारलं होतं?"

"त्यानेही नाही विचारलं. त्याने तिला एक पुस्तक दिलं."

ते पुस्तक ओडेट पाईक नावाच्या मुलीच्या गोष्टीचं होतं. ही ओडेट म्हणजे एका तळ्याकाठच्या गावातली सतरा वर्षांची गुप्तहेर. तिला गोंगाट सोसत नाही म्हणून ती कानांवर जाडजूड कानबंद लावून हिंडते. मासेमारीचं आमिष विकणाऱ्या दुकानातल्या बिर्डी नावाच्या मुलीवर तिचं प्रेम आहे. आणि इतर लोक ज्याला 'क्षुल्लक' म्हणतात तेच पाहून ती खुनी पकडते. मारेनने पहिला भाग वाचला आणि दुसऱ्या दिवशी वेंडेलला म्हणे सांगितलं, "ही मी आहे. बिर्डीसकट." हे शब्द वेंडेलने कौतुकाने कोरिनला सांगितले, कोरिनने कौतुकाने व्हर्लिनला सांगितले, आणि व्हर्लिनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

त्याच रात्री जेवताना त्याने जाहीर केलं, "आपणही पेटी लावायची."

"तुला वेळ कुठे आहे?" कोरिन म्हणाली.

"पेटीला कसला वेळ लागतो? चार फळ्या आणि एक खांब."

माणसाने असं वाक्य बोलू नये. चार फळ्या आणि एक खांब म्हणून सुरू झालेल्या कामांनी भल्याभल्यांच्या कंबरा मोडल्या आहेत.

पहिली गोष्ट, आमच्याकडे जमिनीत कुदळ मारायची तर आधी फोन करावा लागतो. मग माणसं येऊन खालून काय काय गेलंय त्याच्या खुणा करतात. ती आली आणि व्हर्लिनच्या हिरवळीत पिवळे, लाल, निळे, नारिंगी झेंडे रोवून गेली. गॅस, वीज, पाणी, टेलिफोन. व्हर्लिनने खांबासाठी हेरलेली जागा म्हणजे या चौघांचं संमेलन होतं. झेंडे नसलेला तुकडा एकच उरला, तो कोरिनच्या पिओनीच्या ताटव्यात. ती फक्त "बघ हं" म्हणाली. लग्नाला वीस वर्षं झालेल्या माणसाला तेवढं पुरतं.

मग फुटपाथ आणि रस्ता यांच्या मधली पट्टी उरली. गवत व्हर्लिनने कापायचं, बर्फ त्याने उपसायचं, पण जमीन नगरपालिकेची. तो परवानगीसाठी गेला. तिथल्या बाईंनी नकाशा उलटसुलट करून पाहिला.

"हे फर्निचर की बांधकाम?"

"पेटी आहे. पुस्तकांची."

"एवढी मोठी?"

वेंडेलच्या पेटीत एक फळी होती, म्हणून व्हर्लिनने आपल्या पेटीला तीन काढल्या होत्या. त्याशिवाय एक पोटमाळा.

"आत माणूस मावतो का?" बाईंनी विचारलं.

"मावेल. पण का मावावा?"

"ते आमच्या हातात नाही. मावत असेल तर ती शेड. शेडला वेगळी परवानगी, शेजाऱ्यांची संमती आणि सुनावणी. समोरच्यांची सही आणा."

समोरचे म्हणजे वेंडेल! व्हर्लिनने घरी येऊन पोटमाळा कापून टाकला.

शेजाऱ्यांचे सल्ले सुरू झाले ते नंतर. आर्डिथकाकू म्हणाल्या, खांब गोठणाऱ्या थराच्या खाली गेला पाहिजे, नाहीतर हिवाळ्यात जमीन त्याला दात उपटल्यासारखी वर फेकेल. कोपऱ्यावरचे गृहस्थ म्हणाले, सिमेंट नको, खडी घाल. त्यांचे मेहुणे म्हणाले, खडी कसली घालतोस, सिमेंटच घाल. दोघं व्हर्लिनच्या खड्ड्याच्या काठावर उभे राहून भांडले आणि तिथून रागारागाने आपापल्या घरी गेले. खड्डा तेव्हा घोट्याएवढा झाला होता आणि व्हर्लिनची कंबर धरली होती. तेवढ्यात रस्त्यापलीकडून रॉइस आला. त्याच्या खांद्यावर भोक पाडायचं भलंमोठं यंत्र.

"म्हटलं, लागेल का," तो नम्रपणे म्हणाला.

"छे छे, झालंच आहे," व्हर्लिन गुडघ्यांवर बसल्या बसल्या म्हणाला. उठता येत नव्हतं म्हणून तो तसाच बसला होता. शेवटी रॉइसनेच त्याला काखेत हात घालून उठवलं, चहा संपायच्या आत खड्डा पाडला आणि वर "सुंदर होणार पेटी" असं म्हणून गेला. शत्रूने मदत करावी आणि वर गोड बोलावं, यापरता अपमान नाही.

पेटी उभी राहिली. नॉर्बीतली माणसं वाईट कधी म्हणत नाहीत. अन्न बेचव झालं, घराचा रंग भडक झाला, पोराने नाकात कडी घातली, तरी ती मान तिरपी करून म्हणतात, "वेगळंच आहे हं." त्या आठवड्यात व्हर्लिनच्या पेटीसमोर सबंध गल्ली उभी राहिली आणि प्रत्येकाने मान तिरपी केली. आर्डिथकाकूंनी तर दोन्ही बाजूंना केली. गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला जी खोपटी नेतात ना, तसलंच काहीतरी त्याच्या हातून झालं होतं.

आत व्हर्लिनने आपला जपून ठेवलेला खजिना मांडला, म्हणजे पाणबुड्यांचा इतिहास, सात खंड. शिवाय गोड्या पाण्यातले मासे, छपरांची निगा, आणि गारपिटीवर एक सचित्र ग्रंथ. उंचीनुसार ओळीने लावले, कडा बोटाने एका रेषेत आणल्या, दार लावलं, कडी घातली, पुन्हा पाहिली, आणखी एकदा पाहिली. मग खिडकीत जाऊन उभा राहिला.

कोणी आलं नाही. ऑगस्ट लागला आणि आली ती झुकिनी, काकडीसारखी दिसणारी भाजी. त्या महिन्यात आमच्याकडे प्रत्येकाच्या परसात ती इतकी येते की लोक शेजाऱ्याच्या उघड्या गाडीत टाकून पळतात. व्हर्लिनची पेटी ऐसपैस आणि बिनकुलपाची होती. रोज सकाळी पाणबुड्यांच्या शेजारी चार हिरव्या झुकिनी निजलेल्या असत. एकदा कोणीतरी मुदत संपलेल्या सूपचा डबा ठेवून गेलं. छपराखाली गांधीलमाश्यांनी घर केलं, ते एकमेव वाचक.

मारेन त्या पेटीवरून रोज जायची, समोर. शेवटी व्हर्लिनने तिला अडवलं.

"आपल्या पेटीत कधी बघत नाहीस तू?"

"बघितलं. पाणबुड्या आहेत."

"चांगल्या आहेत."

"हो. पण खून नाहीत."

"अगं, महायुद्ध आहे ते! खूनच खून आहेत!"

"पण कोणी केले ते आधीच माहीत आहे," मारेन म्हणाली आणि कानबंद चढवून रस्ता ओलांडून गेली. तिनेही ओडेटसारखेच घेतले होते, पिवळे.

त्या दुपारी, वेंडेल आणि रॉइस बाजारात गेल्याचं पाहून, व्हर्लिन समोर गेला. शत्रू पोरांना खायला काय घालतो ते तरी कळू दे, एवढाच त्याचा हेतू होता. त्याने ओडेट पाईकचा पहिला भाग उचलला. मोबदल्यात पाणबुड्यांचा पहिला खंड ठेवला, कारण तो प्रामाणिक माणूस होता. गॅरेजमध्ये, बर्फ उडवायच्या यंत्रामागे खुर्ची टाकून त्याने पुस्तक उघडलं ते नाक मुरडत. जेवायला कोरिनने तीन हाका मारल्या तेव्हा तो बर्फाच्या खोपटीत बिर्डीबरोबर अडकला होता आणि बाहेर कोणीतरी पावलं वाजवत होतं.

त्याला ते भयंकर आवडलं. हे कबूल करायला त्याला फार त्रास झाला, पण आवडलं. ओडेटला लोक बोलतात ते पटकन समजत नाही, पण कोणाच्या कोटाचं बटण बदललंय हे ती बरोबर टिपते. बिर्डीचा हात धरायला तिला अख्खे दोन भाग लागतात, आणि व्हर्लिन दोन्ही भागभर "धर गं बाई, धर एकदाचा" असं पुटपुटत होता. दुसरा, तिसरा, चौथा, असे भाग वेंडेलच्या पेटीत येत गेले आणि व्हर्लिन ते उचलत गेला. मूळ बेत असा होता की हीच पुस्तकं आपल्या पेटीत लावायची, म्हणजे मारेन आपोआप इकडे येईल. पण प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर वेंडेलची पिवळी चिकटपट्टी होती. आता माल मांडता येईना, आणि परत करावा तर चौथ्याचा शेवट राहिलेला.

मग एका संध्याकाळी अघटित घडलं. मारेन जेवायला बसली आणि कोणी काही विचारायच्या आत म्हणाली, "बाबा, तू खोटे दावे कसे ओळखतोस?"

व्हर्लिनचा काटा हातातच राहिला. "का गं?"

"वेंडेलच्या पेटीतून ओडेट पाईक चोरीला जातेय. फक्त तीच. आणि तिच्या जागी पाणबुड्या येतायत."

"आपल्या पेटीतल्या असतील," व्हर्लिन घाईने म्हणाला. "कोणीतरी इथून नेऊन तिथे ठेवत असेल. फुकट आहेत, कोणीही नेईल."

"बरोबर. म्हणून पाणबुड्यांवरून काही सिद्ध होत नाही," मारेन गंभीरपणे म्हणाली. "मी आणि तोवा तपास करतोय. तुझं कामच ते आहे म्हणून विचारलं."

त्या रात्री बाप आणि लेक जेवणाच्या टेबलापाशी इतका वेळ बोलत बसले की कोरिन आवरून झोपायला गेली. दुसऱ्या दिवशीही बोलले. तिसऱ्या दिवशी तोवाही आली. केस शेवाळी रंगवलेली, अखंड बोलणारी, हसरी मुलगी. व्हर्लिनला तिचाही हेवा वाटला, कारण मारेन बोलताना तिच्याकडे बघत होती. पण ती निघताना त्याला म्हणाली, "काका, तुम्ही मस्त समजावता हो." तेव्हा त्याने तिला दुसऱ्यांदा केक वाढला.

वाचकांनी आता त्याच्या जागी उभं राहून पाहावं. चोरी थांबवली तर तपास थांबणार, तपास थांबला की 'झाली' एवढंच उत्तर. चोरी चालू ठेवली तर लेक रोज समोर बसून बोलणार. कुठल्या बापाने थांबवली असती? व्हर्लिनने पाचवा भाग उचलला.

वर तो तिला खुशाल विद्या शिकवत होता. "हे बघ," तो खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "लोक काय गेलं ते मोजत बसतात. तसं नाही करायचं. माणूस काय मागे ठेवून जातो ते पाहायचं. हाताची सवय कोणाला लपवता येत नाही."

मारेनने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. सहसा ती डोळ्यांत पाहत नसे. मग म्हणाली, "हे चांगलं आहे." व्हर्लिनला त्या रात्री आनंदाने झोप आली नाही.

शाळा सुरू झाली. पहिल्याच शनिवारी सकाळी ती गॅरेजमध्ये आली. व्हर्लिनने सहावा भाग घाईघाईने मांडीखाली सरकवला.

"तू चोर आहेस," मारेन म्हणाली.

"काय?"

"दुपारी वेंडेलच्या अंगणात सगळ्यांना बोलावलंय. ओडेट शेवटी सगळ्यांना एकत्र बसवते ना, तसं. तिथे नाव सांगणार आहे. आधी तुला येऊन सांगितलं, कारण अचानक काही झालेलं तुला आवडत नाही." दारापाशी जाऊन ती म्हणाली, "मलाही नाही आवडत."

आणि गेली. व्हर्लिन मांडीखालच्या पुस्तकावर बराच वेळ बसून राहिला. त्याच्या मनात आलं, आपल्याला असं अगोदर येऊन सांगायची बुद्धी कधी झाली होती का? तिच्या दहाव्या वाढदिवसाला त्याने न सांगता तीस माणसं बोलावली होती. ती कपाटात जाऊन बसली होती. तेव्हा तो तिच्यावर चिडला होता, आणि आता ते आठवून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. गंभीर प्रसंग म्हणून प्रत्येकाने काहीतरी रांधून आणलं होतं. आर्डिथकाकूंनी बटाट्याचा भाजलेला रगडा आणला होता, त्यात झुकिनी. वेंडेल आणि रॉइस पायरीवर बसले होते. कोरिन व्हर्लिनच्या शेजारी बसली होती. तिला काही माहीत नव्हतं आणि ती त्याला पुन्हा पुन्हा विचारत होती, "इतका घाम का आलाय तुला?"

मारेन उभी राहिली. कानबंद गळ्यात, हात पाठीमागे. तोवा तिच्या बाजूला.

"पहिला संशय आर्डिथकाकूंवर," ती म्हणाली.

"माझ्यावर?" आर्डिथकाकू खुशीने सावरून बसल्या. बऱ्याच वर्षांत त्यांच्यावर कोणी संशय घेतला नव्हता.

"त्या दोन्ही पेट्यांपाशी रोज येतात. पण त्या ज्या पेटीचं दार उघडतात तिथे झुकिनी राहते. वेंडेलच्या पेटीत एकदाही राहिली नाही. म्हणून त्या नाहीत." अंगणभर सगळ्यांनी आर्डिथकाकूंकडे पाहिलं. आर्डिथकाकूंनी आकाशाकडे पाहिलं.

"मग मला एक गोष्ट शिकवण्यात आली," मारेन पुढे म्हणाली. "काय गेलं ते बघू नका, काय मागे राहिलं ते बघा. वेंडेल पुस्तकं कशीही कोंबतो."

"अगदी खरं," रॉइस म्हणाला.

"पण ज्या ज्या दिवशी ओडेट गेली, त्या त्या दिवशी उरलेली पुस्तकं उंचीनुसार लावलेली होती. कडा एका रेषेत. कडी नीट बसवलेली. हा चोर चोरी करतो आणि आवरून जातो. त्याला आवरल्याशिवाय जाववत नाही. या गल्लीत पुस्तकं अशी लावणारी माणसं दोनच आहेत." तिने दीर्घ श्वास घेतला. "त्यांतली एक मी."

कोणी काही विचारायच्या आत व्हर्लिन उठला. "दुसरा मी," तो म्हणाला. "मीच नेली. सगळी गॅरेजमध्ये आहेत, यंत्रामागे. उंचीनुसार." मग जे पोटात होतं ते सगळं ओठांवर आलं. "वेंडेल, मी तुझ्यावर जळतो. पाऊस असला तरी तू झाडांना पाणी घालतोस आणि माझी मुलगी तुझ्याशी बोलते. सगळं तुला आधी कळतं, मला आर्डिथकाकूंकडून कळतं. पेटी लावली ती तेवढ्यासाठीच. मग ही पुस्तकं वाचायला लागलो, मग सोडवेनात. मारेन घरी बोलायला लागली, मग चोरीही सोडवेना. चूक झाली. पण मला तरी काय स्वप्न पडलं होतं की चौथ्या भागात खून बिर्डीच्या मावशीनेच—"

तोवाने किंकाळी फोडून दोन्ही हातांनी कान झाकले. वेंडेल ताडकन उभा राहिला. मारेनने कानबंद चढवले, पण उशीर झाला होता.

"मावशी?" वेंडेल रडवेल्या आवाजात म्हणाला. "ती आमिष विकणारी प्रेमळ मावशी?"

"अहो काका, चौथा आम्ही कोणीच वाचला नव्हता!" तोवा ओरडली. "तो तुमच्याकडेच होता ना!"

चोरीचं काही नव्हतं. पेटीतली पुस्तकं न्यायचीच असतात, आणि शेजाऱ्याचा हेवा करणं हा कुठेच गुन्हा नाही, नाहीतर अर्धं नॉर्बी तुरुंगात असतं. पण शेवट सांगितला! आर्डिथकाकूंनी मान तिरपी केली आणि हळूच म्हणाल्या, "वेगळंच आहे हं." एवढं कठोर वाक्य त्यांच्या तोंडून व्हर्लिनने आजवर कधी ऐकलं नव्हतं. कोरिनने त्याच्या दंडाला धरून खाली बसवलं.

वेंडेल मात्र थोड्या वेळाने त्याच्याशेजारी येऊन बसला. "तू जळतोस म्हणालास," तो रगडा चिवडत म्हणाला. "दोन आठवडे झाले, ती पेटी तपासते आणि निघते, माझ्यापाशी थांबतच नाही. म्हणते, घरी लवकर जायचंय, बाबांशी बोलायचंय. मीही काही खूश नव्हतो." आणि मग, आजूबाजूला पाहून, "पाचव्यात ओडेट आणि बिर्डीचं काय होतं रे? नको, नको सांगूस. सहावा तुझा वाचून झाला की आधी मला दे."

पुढचे काही दिवस व्हर्लिनला गावात तोंड दाखवणं कठीण झालं. किराणावाल्या बाईंनी त्याला पाहून टेबलावरचं पुस्तक टेबलाखाली लपवलं. घरी मारेन पुन्हा एका शब्दावर आली, आणि या खेपेला तो एक शब्द त्याने स्वतःच ओढवून घेतला होता. त्याने पुस्तकं समोर नेऊन दिली, आपल्या पाणबुड्या परत आणल्या आणि खिडकीत उभं राहणं सोडून दिलं. झुकिनी तेवढी येत राहिली.

असाच एके दिवशी संध्याकाळी तो आपल्या पेटीतली झुकिनी काढत असताना मारेन शेजारी येऊन उभी राहिली. पाणबुड्यांच्या कडा तिने बोटाने सारख्या केल्या.

"तोवाने मला शाळेच्या नाचाला येतेस का विचारलं," ती पुस्तकांकडे बघत म्हणाली. "तिची जोडीदार म्हणून. मी हो म्हटलं. आवाज असेल, म्हणून कानबंद लावूनच नाचणार आहे. तीही लावणार आहे. म्हणाली, शोभून दिसेल."

"छान," व्हर्लिन कसाबसा म्हणाला. "आईला फार आनंद होईल."

"आईला नाही सांगितलं. कोणालाच नाही. शुक्रवारी सांगणार आहे. तोपर्यंत तू पण नाही सांगायचंस."

"वेंडेललाही नाही सांगितलंस?"

"नाही."

"मग मला का? शेवट फोडणारा माणूस मी."

"म्हणूनच," मारेन म्हणाली. "तुला सराव हवा आहे."

ती आत गेली. व्हर्लिनने दार लावलं, कडी घातली, पुन्हा पाहिली, आणखी एकदा पाहिली. समोरून वेंडेल पाण्याची झारी घेऊन लगबगीने रस्ता ओलांडून आला. आभाळ तेव्हा चांगलं गच्च भरलेलं होतं.

"काय रे, मारेन आज उड्या मारत आत गेली," तो म्हणाला. "काय झालंय? तुला माहीत आहे का?"

व्हर्लिनने झुकिनी काखेत मारली आणि त्याच्याकडे शांतपणे पाहिलं.

"माहीत आहे," तो म्हणाला, आणि घरात गेला.